लादलेले पाप आणि स्वीकारलेली चूक : वऱ्हाडातील दुष्काळ, पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती क्षमेची कल्पना

१

बुलढाणा जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, देऊळगाव राजाच्या परिसरात, मेहुणा राजा हे गाव आहे. संत चोखामेळा यांचे जन्मस्थान म्हणून परंपरा या गावाकडे बोट दाखविते. त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ आहे. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्ग आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळानंतर अमेरिकेतील ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्थेने तेथे निराधार मुलींचा आश्रम चालविला. मेहुणा राजा आणि खामगाव यांच्यात सुमारे सहा शतकांचे अंतर आहे, आणि धर्मपरंपराही भिन्न आहेत. तथापि मनुष्याने आपल्या दोषाचा भार कसा वाहावा, तो भार खरोखर त्याचा आहे किंवा नाही, आणि तो कोणाजवळ उतरवून ठेवावा, हा एकच प्रश्न दोन्ही स्थळांच्या इतिहासातून पुढे येतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः पंडिता रमाबाई यांच्या आत्मनिवेदनाच्या आधारे करावयाचा आहे. वऱ्हाडातील मिशनकार्याचा त्यांच्या कार्याशी असलेला संबंध पुढे यथाक्रम येईल.

ख्रिस्ती पापकल्पनेविषयी आपल्याकडे एक आक्षेप वारंवार घेतला जातो. हा धर्म मनुष्यास प्रथम पापी ठरवितो आणि नंतर त्याच पापावरील औषध त्याच्या हाती देतो, असे त्या आक्षेपाचे स्वरूप आहे. आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु महाराष्ट्रातील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची साधने पाहिली असता चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. ज्या स्त्रियांपर्यंत ही कल्पना पोचली त्यांपैकी पुष्कळजणी आधीच पापी ठरविल्या गेल्या होत्या. त्यांच्या बाबतीत या कल्पनेने पहिले काम केले ते पाप लादण्याचे नव्हे. लादलेले पाप आणि स्वतःची चूक यांची फोड करण्याचे.

२

चोखोबांच्या नावावर असलेल्या अभंगांत दोन स्वर स्पष्टपणे वेगळे करता येतात. एक स्वर वारकरी संप्रदायातील सर्वच संतांचा आहे. भक्त स्वतःस पतित म्हणवितो आणि विठ्ठलाच्या पतितपावन या ब्रीदाची त्यास आठवण करून देतो. नामदेव-तुकारामांच्या वाणीतही हा स्वर आहे आणि त्यात भक्ताची स्वेच्छा आहे. दुसरा स्वर मात्र चोखोबांच्या सामाजिक स्थितीतून उत्पन्न झालेला आहे. आपला जन्म हीन मानलेल्या कुळात का झाला, या प्रश्नास त्यांच्या नावावरील एका रचनेत पूर्वजन्मीच्या दोषाचे उत्तर दिलेले आढळते. पूर्वी केलेल्या देवनिंदेचे फळ म्हणून हा जन्म आला, असा तिचा आशय आहे.

या दुसऱ्या स्वरातील ‘दोष’ हा कर्त्याच्या स्मरणात नाही. तो त्याने केल्याचे त्यास ठाऊक नाही; केवळ समाजव्यवस्थेकडे पाहून, शिक्षा आहे त्याअर्थी अपराधही असलाच पाहिजे, असे अनुमान त्याने केले आहे. आठवत नसलेल्या अपराधाची कबुली देता येते, पण त्याचा पश्चात्ताप करता येत नाही. कारण पश्चात्तापास आठवण लागते. चोखोबांचे पुत्र कर्ममेळा यांच्या अभंगांत या अनुमानाविरुद्धची तक्रार उघडपणे प्रकट झाली आहे, हे या दृष्टीने लक्षणीय होय. पित्याने जो भार नम्रतेने वाहिला त्याविषयी पुत्राने थेट देवालाच जाब विचारला. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून १३३८ मध्ये चोखोबांचा अंत झाला आणि त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वाराबाहेर राहिली. भक्तीने त्यांस देवाजवळ नेले. दोषाच्या अनुमानाने त्यांस दाराबाहेर ठेवले.

३

सहा शतकांनंतर हेच अनुमान विधवांच्या बाबतीत तितक्याच जोराने चालू होते. रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या ग्रंथात याचे स्पष्ट विवेचन केले आहे. वैधव्य हे स्त्रीच्या पूर्वजन्मीच्या घोर पातकाचे फळ मानले जाते, आणि म्हणून पतीच्या मृत्यूचा दोष बालविधवेच्या माथी येतो, असे त्या दाखवून देतात. ज्या मुलीस विवाहाचा अर्थही कळलेला नाही, तिला स्वतःच्या दुर्दैवाची अपराधिनी ठरविणारी ही रीत होती. केशवपन, एकभुक्त राहणे, मंगल प्रसंगी तोंड न दाखविणे ही त्या न आठवणाऱ्या अपराधाची आठवणीत राहणारी शिक्षा होती.

दुष्काळाने या अनुमानाचे क्षेत्र वाढविले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मध्यप्रांत व वऱ्हाड होरपळून निघाले. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये २८ लाख ९७ हजार होती. १९०१ च्या शिरगणतीत ती २७ लाख ५४ हजारांवर आली. तत्कालीन बुलढाणा जिल्ह्यात ही घट अधिक तीव्र होती. तेथील संख्या सुमारे ४ लाख ८१ हजारांवरून सुमारे ४ लाख २४ हजारांवर उतरली. म्हणजे आठांमागे जवळजवळ एक मनुष्य कमी झाला. या आकड्यांत दुष्काळाबरोबर आलेल्या रोगराईचा आणि स्थलांतराचाही भाग आहे. अशा आपत्तीत वाचलेल्यांस, आणि विशेषतः आईबाप गमावलेल्या मुलांस, हे आपल्याच नशिबी का आले, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. आणि ‘पूर्वीचे पाप’ हे उत्तर सर्वत्र तयार असते. मिशनऱ्यांच्या लेखनातही दुष्काळाकडे ईश्वरी इशारा म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते, हेही येथे नोंदविले पाहिजे. अनुमानाचा हा दोष एकाच धर्माच्या अनुयायांत होता असे नव्हे.

याच वर्षांत वऱ्हाडातील मिशनकार्य आणि रमाबाईंचे कार्य यांचा संबंध जुळून आला. अकोला येथे दीर्घकाळ काम केलेल्या श्रीमती जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेला ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ हा ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यास रमाबाईंनी प्रस्तावना लिहिली. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात मोडत होते. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यास जोडले गेले. दुष्काळपीडित मुलींस आश्रय देण्याचे जे काम रमाबाईंनी पुण्याजवळ केडगाव येथे मोठ्या प्रमाणावर उभारले, तेच काम अलायन्स मिशन खामगावास करीत होते. यास्तव खामगावच्या आश्रमात कोणती कल्पना पोचली हे समजून घेण्यासाठी केडगावकडे वळणे क्रमप्राप्त आहे.

४

रमाबाईंचे पूर्वायुष्य सुपरिचित आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने आईवडिलांबरोबर वर्षानुवर्षे तीर्थयात्रा केल्या. देवता प्रसन्न व्हाव्यात, पाप नष्ट व्हावे, म्हणून स्नाने, दाने, उपवास आणि पुराणपठण ही सर्व साधने कुटुंबाने निष्ठेने केली. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास मागे राहिले. शास्त्रात सांगितलेल्या सर्व अटी पाळूनही फळ मिळाले नाही, हा त्या दोघांचा अनुभव होता, आणि त्यांच्या पारंपरिक श्रद्धेचा पाया त्यानेच खचला. पुढे कलकत्त्यास धर्मशास्त्रांचे अध्ययन करीत असता त्यांस आणखी एक गोष्ट आढळली. अन्य बाबतींत परस्परविरोधी असणारे ग्रंथ एका बाबतीत एकमताचे होते : स्त्रीजात स्वभावतःच पापी आहे. येथेही पाप हे आचरणात नसून जातीत आणि लिंगात होते.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनीसंघाकडे राहावयास गेल्या. या भगिनींनी त्यांस लंडनजवळ फुलहॅम येथील आपले काम पाहण्यास पाठविले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे प्रेमाने शुश्रूषा होत होती. अशा स्त्रियांशी कोणी दयेने वागावे, ही गोष्ट रमाबाईंस नवीन होती. हे कशामुळे घडते असे विचारता त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची आणि ख्रिस्ताची भेट, वाचून दाखविण्यात आला. फुलहॅमच्या या अनुभवाचे त्यांच्या आत्मनिवेदनातील स्थान महत्त्वाचे आहे. तेथील स्त्रियांस कोणी निर्दोष ठरविले नव्हते. त्यांचा दोष ज्ञात होता, नाव घेऊन सांगता येण्याजोगा होता, आणि म्हणूनच त्याची क्षमा शक्य होती. पुढे नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी त्यांच्या बौद्धिक शंका बऱ्याच अंशी दूर केल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

सामान्यतः धर्मांतराची कथा येथे संपते. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचे वैशिष्ट्य असे की, त्यांची स्वतःच्या चुकीची कबुली येथून पुढे सुरू होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या ध्यानात आले की आपणास ख्रिस्ताचा धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला नाही. मत पालटले होते. मनावरचा भार तसाच होता. विल्यम हॅसलम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. धर्मगुरू असूनही १८५१ मध्ये स्वतःच्याच प्रवचनात ज्याचा खरा पालट झाला, अशा या माणसाच्या वृत्तांतात त्यांस आपली स्थिती दिसली. ज्या स्त्रीने अखिल विद्वत्सभेकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळविल्या होत्या, जिने दोन खंडांत व्याख्याने दिली होती, आणि जिने धर्मांतराची मोठी सामाजिक किंमत मोजली होती, तिने आपण आठ वर्षे मूळ गोष्टच चुकलो होतो असे छापून सांगावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. विरोधकांच्या हाती आयते शस्त्र देणारी ही कबुली होती.

या कबुलीतून त्यांस मिळालेल्या समाधानाचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. बालपणापासून त्यांनी ज्या साधनांचा अवलंब केला त्या सर्वांत पापक्षय हा कर्त्याच्या प्रयत्नावर अवलंबून होता. आणखी एक तीर्थ, आणखी एक दान, आणखी एक व्रत. प्रयत्न पुरा पडला किंवा नाही हे कधीच कळत नसे. १८९१ नंतर त्यांनी क्षमा ही दान म्हणून स्वीकारली. आपण सुधारलो म्हणून क्षमा मिळाली असे नव्हे. क्षमा मिळाली म्हणून चूक निर्भयपणे पाहता आली, असा हा क्रम होता. ख्रिस्ती क्षमाविचाराचे हे मर्म रमाबाईंनी तत्त्वचर्चेपेक्षा स्वानुभवाच्या कथनातून मराठी वाचकांपुढे ठेवले.

याचा अर्थ रमाबाई कोणापुढेही नमत असत, असा मात्र घेऊ नये. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेले शारदासदन १८९० मध्ये पुण्यास आले. १८९३ मध्ये तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आरोपावरून मोठे वादळ उठले, ‘केसरी’ने कठोर टीका केली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंनी प्रार्थनेस स्वेच्छेने येणाऱ्या मुलींस दाराबाहेर ठेवण्याचे नाकारले. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी देवापुढे आपली चूक कबूल केली होती त्यांनी लोकांपुढे, चूक वाटत नसलेली गोष्ट, चूक म्हणून मान्य केली नाही. सल्लागारांच्या बाजूसही म्हणण्यासारखे होते, कारण शाळेच्या तटस्थतेविषयी त्यांनी पालकांस हमी दिली होती. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, स्वतःची चूक ओळखण्याची शक्ती आणि लादलेली चूक नाकारण्याची शक्ती या रमाबाईंच्या ठिकाणी एकाच मुळातून निघालेल्या दिसतात.

५

१८९७ मध्ये रमाबाईंनी मध्यप्रांतातील दुष्काळी भागातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. केडगाव येथे मुक्तिसदनाची उभारणी झाली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्याच आवारात ‘कृपासदन’ हा स्वतंत्र विभाग समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी होता. फुलहॅम येथे पाहिलेल्या गोष्टीचे हे मराठी रूप होय.

जानेवारी १९०५ मध्ये मुक्तिसदनात नियमित प्रार्थनामंडळ सुरू झाले. वेल्समधील १९०४-०५ च्या धर्मजागृतीच्या बातम्या तेथे पोचल्या होत्या. २९ जूनच्या पहाटे मुलींच्या एका गटात तीव्र आध्यात्मिक अनुभव प्रकट झाला, आणि ३० जूनच्या संध्याकाळी रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत असता सर्व मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. त्यानंतरच्या काळात रडणे, पापांची उघड कबुली, आणि कबुलीनंतर येणारा आनंद, असा क्रम समकालीन वृत्तांतांत पुन्हा पुन्हा वर्णिलेला आहे. हीच लाट वऱ्हाडातील अलायन्स मिशनच्या ठाण्यांपर्यंत आणि खामगावच्या मुलींच्या आश्रमापर्यंत पोचली.

योहानाचा आठवा अध्याय ज्या कथेने सुरू होतो, ती व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीची आहे. दगड मारण्यास सज्ज झालेल्यांस ख्रिस्त त्यांच्याच अंतःकरणाकडे पाहावयास लावतो. ते एकेक करून निघून जातात. आणि स्त्रीस दंड न करता, पुन्हा पाप न करण्यास सांगून तो पाठवितो. पुढचाच नववा अध्याय जन्मांध मनुष्याचा आहे. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असा प्रश्न शिष्य विचारतात. ख्रिस्त दोन्ही पर्याय नाकारतो. हे दोन अध्याय एकापुढे एक ठेवून पाहिले असता प्रस्तुत लेखातील भेद स्वच्छ होतो. पहिल्यात खऱ्या चुकीस क्षमा आहे. दुसऱ्यात दुर्दैवावरून चुकीचे अनुमान करण्यास नकार आहे. बालविधवेस आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलीस दोहोंचीही गरज होती. आईबाप गेले हा तिचा अपराध नव्हता. परंतु सोबतिणीशी केलेला खोटेपणा, मनात धरलेला द्वेष, चोरलेली वस्तू, ही तिची स्वतःची होती. तिला आठवत होती. आणि म्हणून ती सांगून मोकळे होता येत होते.

या संदर्भात भाषेचा विचारही आवश्यक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत अपराधासाठी मूळ ग्रीक भाषेत ‘ऋण’ या अर्थाचा शब्द आहे आणि मराठी भाषांतराने तो कायम राखला. सावकाराच्या वहीत ज्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या राहिले, अशा कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबास ऋणमोचनाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नव्हता. त्या प्रार्थनेची दुसरी बाजूही, म्हणजे आपल्या ऋणकोस आपण सोडण्याची अट, त्यास तितकीच समजण्याजोगी आणि तितकीच अवघड होती. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. संस्कृतप्रचुर शब्द टाळून खेड्यातील स्त्रीस कळेल अशी भाषा त्यांनी योजिली. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच खिळे जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पूर्णपणे प्रसिद्ध झाला. कबुली जिच्या तोंडून यावयाची तिच्याच भाषेत शास्त्र असावे, हा या श्रमामागील हेतू स्पष्ट आहे.

६

इतके झाल्यावर साधनांच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. १९०५-०६ च्या घटनांचे वृत्तांत प्रायः इंग्रजीत, प्रायः मिशनऱ्यांनी आणि प्रायः परदेशी आश्रयदात्यांसाठी लिहिले. आश्रमातील मुलगी अन्न, वस्त्र आणि आसरा यांसाठी ज्यांच्यावर अवलंबून होती, त्यांच्याच समोर ती पापाची कबुली देत होती. अशा कबुलीत समूहाच्या उत्साहाचा आणि वडीलधाऱ्यांस संतुष्ट करण्याच्या इच्छेचा भाग किती, हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे. जुने लादलेले पाप उतरवून नवे लादण्याचा धोका तेथेही होता. कबुली स्वेच्छेने दिली गेली तरच ती कबुली. मागितली गेली की ती जबाब होते.

या कसोटीवर उतरणारी कबुली पाहावयाची तर ती अशा लेखनात पाहिली पाहिजे की जेथे लिहिणाऱ्यावर कोणाचे दडपण नव्हते. रमाबाईंचे आत्मनिवेदन तसे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हे दुसरे उदाहरण होय. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९३४ नंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथनात टिळकांचा संताप आणि विक्षिप्तपणा जसा लपविलेला नाही, तशीच स्वतःची सोवळेपणाची समजूतही लपविलेली नाही. जातिभेद देवाने केला नाही असे एकदा मनास पटल्यावर त्यांनी त्या समजुतीस चूक म्हटले, आणि तिच्यावर हसूनही घेतले. क्षमा मिळाल्याची खात्री असल्यावाचून मनुष्यास आपल्या चुकीवर असे हसता येत नाही.

७

मेहुणा राजापासून खामगावपर्यंतच्या या विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो धर्माधर्मांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचा नाही. चोखोबांच्या भक्तीत समाधान नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. आणि मिशनच्या आश्रमात सर्वत्र समाधान होते असेही म्हणता येणार नाही. निष्कर्ष एवढाच की, चुकीचा स्वीकार ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. तिच्या आधी एक निवड करावी लागते. जन्म, वैधव्य, दुष्काळ, दारिद्र्य यांतून ज्याचे अनुमान केले जाते ते पाप बाजूस काढावे लागते. मग जे उरते, आणि जे आठवते, तेवढेच मनुष्याचे स्वतःचे असते. ते सहसा लहान असते, पण सांगण्यास अधिक कठीण असते. कारण त्याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.

रमाबाईंनी आयुष्याच्या पूर्वार्धात पहिला भार नाकारला आणि उत्तरार्धात दुसरा स्वीकारला. पहिल्या कृत्याबद्दल सुधारकांनी त्यांचा गौरव केला. दुसऱ्या कृत्याबद्दल तेच पुष्कळसे त्यांच्यापासून दूर झाले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाने आजवर त्यांच्या नकाराचे मोल अधिक जाणले आहे. त्या नकारास जी शांतता पुरून उरली, ती मात्र त्यांच्या कबुलीतून आली होती.